एका मिनिटातले प्राणी

बाईंचा आवाज प्रेक्षकांपैकी कुणीही कधी ऐकला नव्हता, आणि बाईंना याचा कोण अभिमान. उजव्या विंगेत ठेंगणं स्टूल, मांडीवर नाटकाची संहिता, हातात छोटी बॅटरी, अशा त्या उभी हयात बसल्या. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानात. शेजारी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या नटाला तो ऐकू जायचा नाही, पहिल्या रांगेची तर गोष्टच सोडा. ओठ हलत होते की नाही यावर नाटक मंडळीत पैजा लागत.

पण शब्द देणं हे त्या कामातलं सोपं अंग. अवघड काय, तर कधी द्यायचा नाही ते कळणं. नट बोलता बोलता गप्प झाला, तर तो विसरलाय की त्याने मुद्दाम पॉज घेतलाय? पॉजमध्ये शब्द दिला तर नट नंतर तोंड सोडतो, आणि विसरलेल्याला दिला नाही तर प्रेक्षक तोंड सोडतात. बाईंचं गणित श्वासावर होतं. पॉज घेणारा नट श्वास सोडतो. विसरलेला नट श्वास धरून ठेवतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून कळलं होतं.

मंडळीत श्वास धरून ठेवण्यात एक नट पहिल्या नंबरचा होता. त्याला सगळे आलोचराव म्हणत, कारण त्याची कारकीर्द ज्यावर उभी होती ते वाक्य एवढंच होतं: "आलोच, मालक!" ते विंगेतून ओरडायचं, मग दार उघडून आत यायचं, आणि आत आल्यावर काय बोलायचं ते साफ विसरायचं. नोकर, हवालदार आणि दारुडे, असे तीन प्रकार तो करी. बाईंनी त्याला इतके शब्द पुरवले की शेवटी दोघांनी लग्न केलं. बोलणी कशी झाली असतील ती झाली असतील, पण मंडळीत अशी वदंता होती की मागणी घालतानाही त्याने अर्धं वाक्य म्हटलं आणि उरलेलं बाईंनी पुरं केलं.

घरातही तीच तऱ्हा. "अगं, मला जरा ते आपलं..." की बाईंच्या हातात चष्मा. "तो नाही का, जो मागे..." की बाईंकडून नाव, गाव आणि त्याच्या मेहुण्याची भानगडसुद्धा. मुलगी लहानपणी म्हणायची, "बाबा, तुमचं वाक्य आई संपवते आणि माझं कुणीच संपवत नाही." कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटण्यासारखं काही नव्हतंच, निदान तोवर.

मग आलोचरावांचं लिव्हर बिघडलं.

आता गंमत बघा. या माणसाने स्टेजवर पिंपंच्या पिंपं रिचवली, ती सगळी काळ्या चहाची. खऱ्या आयुष्यात थेंबाला शिवला नाही. पण बातमी कळल्यावर शेजारचे असे काही मान हलवू लागले की जणू आपल्याला आधीपासून ठाऊकच होतं. जुना मेकअपवाला तर फोनवर म्हणाला, "बाई, भूमिकेत फार शिरायचा हो तो." बाईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं की त्याने पुढचे दोन महिने फोन केला नाही.

"न पिताही होतं," डॉक्टरांनी सांगितलं. "साखर, चरबी, वर्षानुवर्षं साचत जाते. लिव्हर बिचारं तक्रार करत नाही. आणि करतं तेव्हा उशीर झालेला असतो."

डॉक्टर उंच, किडकिडीत, सतत पेन शोधणारे गृहस्थ होते. लिव्हर बिघडलं की डोकं का बिघडतं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या तीन खोल्या होत्या. एकीत रक्त काढायचं, दुसरीत फ्रीज आणि कसली कसली यंत्रं, आणि तिसरीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि कुरकुरणारा पंखा. त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या मागे चित्र काढलं. आतडं काढलं, लिव्हर काढलं, वर एक गोल काढून त्याला नाक-डोळे काढले.

"अन्न पचताना आतड्यात अमोनिया तयार होतो. चांगलं लिव्हर तो रक्तातून काढून टाकतं. यांच्या लिव्हरला आता ते जमत नाही. मग तो जातो वर."

"म्हणजे पोटातलं डोक्यात जातं," बाई म्हणाल्या.

"अगदी तेच."

"डोक्यात तर मी हिच्या जातो," आलोचराव म्हणाले, "गेली कित्येक वर्षं..." आणि थांबले.

"बिनअमोनियाचे," बाईंनी पुरं केलं. डॉक्टर मनापासून हसले.

उपाय दोन होते. एक जुना: गोड, चिकट, पातळ औषध. ते घेतलं की पोट साफ होतं, इतकं साफ की माणूस घराबाहेर पडायला धजत नाही. आलोचराव त्या बाटलीकडे सावकाराकडे बघावं तसे बघत. दुसरा उपाय अजून सिद्ध व्हायचा होता. निरोगी माणसांच्या आतड्यातले उपयोगी जंतू काढून, धुवून, कॅप्सूलमध्ये भरायचे आणि आजाऱ्याला द्यायचे. निम्म्यांना खऱ्या कॅप्सूल, निम्म्यांना रिकाम्या. कुणाला कुठल्या, हे डॉक्टरांनाही माहीत नाही.

"म्हणजे दुसऱ्याच्या पोटातलं माझ्या पोटात," आलोचराव म्हणाले. "भाडं किती लावायचं त्यांना?"

नवं लिव्हर बसवण्याचा प्रश्नच नव्हता. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून सरळ नाही म्हटलं होतं. तेव्हा बाईंच्या लेखी डॉक्टरांचा हा कॅप्सूलचा अभ्यास म्हणजे शेवटचं उघडं दार होतं, आणि ते कुठल्याही परिस्थितीत लागता कामा नये, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. त्यात नाव नोंदवायच्या दिवशी एक गोष्ट घडली. त्यांच्या आधी रांगेत एक धिप्पाड गृहस्थ होते. त्यांना चाचणी घेणाऱ्या मुलीने पत्ता विचारला. ते तिच्याकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं, तर खिशातला रुमाल काढून तिला दिला. त्यांना अभ्यासात घेतलं नाही. चाकाच्या खुर्चीत बसवून कुठेतरी नेलं. बाईंनी ते पाहिलं आणि त्यातून काढायचा तो धडा काढला: ज्याला उत्तर येत नाही, त्याला बाहेर काढतात.

चाचणीची खोली ती पंखेवाली. मुलगी पंचविशीतली, केस घट्ट बांधलेली, बोलायला गोड. आधी कागदावर विखुरलेले आकडे क्रमाने रेघेने जोडायचे. मग हात पुढे करून तळवे उभे धरायचे. ते थरथरले, पंखासारखे फडफडले, तर लक्षण वाईट. आणि शेवटी, "काका, आता एका मिनिटात तुम्हाला जमतील तेवढे प्राणी सांगायचे. कुठलेही. सुरू."

घरच्या माणसाची खुर्ची मुलीच्या पाठीमागे होती. तिथे बसून, रुग्णाची झोप कशी आहे, वागणं कसं आहे, याचा तक्ता भरायचा असे. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला आलोचराव, समोर मुलगी, आणि मुलीच्या मागे, आलोचरावांच्या थेट नजरेत, बाई. विंगेपेक्षा सोयीची जागा.

"गाय," आलोचराव म्हणाले. "म्हैस. कुत्रा. मांजर." मग थांबले. मुलीच्या हातातल्या घड्याळाचा काटा पळत होता. आलोचरावांनी बाईंकडे पाहिलं आणि श्वास धरला.

तो धरलेला श्वास बाईंना कुठूनही ओळखू आला असता. पुढचं त्यांनी विचार करून केलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. तक्त्यावरून मान वर न करता त्यांनी शब्द सोडला, "बकरी." पंखा कुरकुरत होता. मुलीची वेणीसुद्धा हलली नाही.

"बकरी!" आलोचराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "मेंढी. घोडा. गाढव..." पुन्हा श्वास. "उंट." पुन्हा श्वास. "हत्ती."

"वा काका! छान," मुलगी म्हणाली.

घरी परतताना बाईंच्या अंगात जुना उत्साह आला होता. प्रयोग रंगल्यावर यायचा तसाच. खोटं बोललो, असं काही त्यांच्या मनाला शिवलं नाही. नटाला शब्द देणं हे खोटं असेल तर सगळी नाटकं खोटी म्हणायची. पण पुढच्या खेपेला निव्वळ कुजबुजीवर भागणार नाही, हे ओळखून त्यांनी घरी तालीम सुरू केली. सकाळी चहाबरोबर पाळीव, दुपारी जंगली, संध्याकाळी पाण्यातले. आलोचराव कपाळाला आठ्या घालून पाठ करत. "सुसर आणि मगर वेगवेगळ्या धरतात का गं?" "धरतात. म्हणा पुढे."

दर महिन्याला चाचणी झाली, आणि दर महिन्याला आलोचराव चढत गेले. विसाच्या पुढे गेले तेव्हा डॉक्टर स्वतः खोलीत आले. आकडे जोडायच्या कागदात मात्र सुधारणा नव्हती, पण चष्म्याचा नंबर वाढलाय असं बाईंनी सांगितलं, आणि ते खरंही होतं. झोपेच्या तक्त्यात त्या 'शांत' लिहीत. शांत होतीच, फक्त दिवसा.

"बाई, कॅप्सूल लागू पडलेली दिसते," डॉक्टर म्हणाले. खऱ्या की रिकाम्या हे त्यांना कळणार नव्हतं, तरी तोंडभर हसले. "आता ते पातळ औषध निम्म्यावर आणून बघू. काकांना त्याचा त्रास होतोय ना?"

"जाच!" आलोचराव म्हणाले. त्या दिवसापुरतं ते वाक्य त्यांनी स्वतः सुरू केलं आणि स्वतःच संपवलं.

औषध निम्मं झालं आणि घरात उत्सव. आलोचराव चौकापर्यंत फिरून येऊ लागले, बाकावर बसू लागले. मात्र बोलणं दिवसेंदिवस कमी होत चाललं होतं. बाईंना ते जाणवलं नाही, कारण घरातलं एकूण बोलणं तेवढंच होतं. त्यांच्या वाट्याचं कमी झालं तेवढं बाईंनी भरून काढलं होतं. एकदा हॉस्पिटलात स्वच्छतागृहात जातो म्हणून गेले, ते परत येताना वऱ्हांड्याच्या टोकाला डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळले आणि एक्स-रेच्या रांगेत जाऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना हाताला धरून आणलं आणि म्हणाल्या, "हे असले वऱ्हाडे... वऱ्हांडे, सगळे सारखेच. कुणीही चुकेल." जीभ घसरली ती त्यांची. त्यांच्या बाबतीत असं क्वचितच होई.

बाईंची मुलगी दुसऱ्या शहरात असे. ती चार दिवसांसाठी आली. पहिल्या दिवशी जेवताना तिने विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना आता?"

"अगं, मस्त आहेत ते," बाई म्हणाल्या. "चौकापर्यंत जातात."

"बाबा, चौकात भेटतं का कुणी?"

"तो घड्याळजी येतो ना बसायला."

"आई," मुलगी चमचा खाली ठेवत म्हणाली, "मी बाबांशी बोलतेय."

बाई गप्प झाल्या. मुलीने पुन्हा विचारलं. आलोचराव तिच्याकडे बघून प्रेमाने हसले. मग बाईंकडे बघितलं. मग ताटाकडे. तेवढ्यात बाईंच्या जिभेवर तीन तयार उत्तरं येऊन थांबली.

"मी आल्यापासून बाबांनी एक पूर्ण वाक्य बोललेलं नाही," मुलगी भांडी घासताना हळूच म्हणाली. "तुझ्या लक्षात आलंय का?"

"ते कधी बोलत होते पूर्ण वाक्य?" बाई उसळून म्हणाल्या. पण रात्रभर ते वाक्य त्यांना टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी औषधांच्या दुकानात जाऊन आल्या. अर्धा तासही लागला नसेल. घरात शिरल्या तर आलोचराव खुर्चीत नाहीत, पलंगावर नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराआड, भिंत आणि दार यांच्या मधल्या फटीत, ते ताठ उभे होते. शर्ट उलटा घातलेला, वर बंद गळ्याचा गरम कोट. कपाळावर घामाच्या धारा. हात दाराच्या कडीवर, आणि तो हात थांबून थांबून फडफडत होता.

"अहो! इथे काय करताय?"

त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मग अगदी हळू विचारलं, "माझी एन्ट्री झाली का?"

बाईंना आयुष्यात पहिल्यांदा शब्द सापडला नाही. सगळी नाटकं पाठ, सगळ्यांच्या भूमिका पाठ. पण हे कुठलं नाटक आहे, कितवा अंक आहे, त्यांना माहीत नव्हतं. नवरा त्यांच्याकडे विश्वासाने बघत होता, श्वास धरून. बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. गाडी मुलीने बोलावली.

हॉस्पिटलात सलाईन लागलं. ते गोड औषध भराभर पोटात गेलं. डॉक्टरांनी आलोचरावांना तळवे उभे धरायला लावले, आणि ते दोन्ही हात असे पडत-उठत राहिले की लेकीने तोंड फिरवलं.

वऱ्हांड्यात डॉक्टर कागद चाळत उभे होते. चाचणी घेणारी मुलगीही बोलावल्यासारखी येऊन थांबली होती. "मला समजत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "गेल्याच आठवड्यात इतके चांगले आकडे आहेत. एकदम इतकी घसरण? म्हणजे संसर्ग असेल, किंवा आत कुठे रक्तस्राव. सगळं शोधावं लागेल. पोटात नळी घालून बघू."

बाईंना गप्प बसता आलं असतं. कुणाला संशय आला नव्हता, येणारही नव्हता. त्यांची कला तशी होती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे नवऱ्याच्या घशात उतरणारी नळी आली, आणि ती नळी आपल्यामुळे उतरणार, हेही आलं.

"डॉक्टर, ते आकडे त्यांचे नाहीत," बाई म्हणाल्या. "माझे आहेत."

सगळं सांगायला फार वेळ लागला नाही. बकरी, उंट, हत्ती, घरची तालीम, झोपेचा तक्ता. पुरावा म्हणून त्यांनी ओठ न हलवता "मगर" म्हटलं, आणि वऱ्हांड्यात तीन पावलांवर उभी असलेली ती चाचणीवाली मुलगी दचकून मागे बघायला लागली. दुसऱ्या कुठल्या दिवशी यावर हशा झाला असता.

डॉक्टर बाकावर बसले. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. "मी त्या आकड्यांकडे बघून औषध निम्मं केलं," ते म्हणाले. "आकडे जोडायचा कागद तसाच्या तसा होता. तिथेच मला अडायला हवं होतं. मला काकांना बरं झालेलं बघायचं होतं, बाई."

"मलाही," बाई म्हणाल्या.

"पण का केलंत?"

"तुम्ही बाहेर काढाल म्हणून. त्या रुमालवाल्या गृहस्थांना काढलंत तसं."

डॉक्टरांना आठवायला वेळ लागला. "त्यांना काढलं नाही हो. ते त्या क्षणी फार आजारी होते, अभ्यासापेक्षा त्यांना खाटेची गरज होती. आठ दिवसांत बरे होऊन घरी गेले." त्यांनी खिशात पेन शोधलं, सापडलं नाही, सोडून दिलं. "बाई, इथे माणसाची परीक्षा नसते. काका चारच प्राणी सांगतात तर चार. चार म्हटल्यावर मला कळतं की औषध पुरत नाहीये. नापास झालंच तर औषध होतं, काका होत नाहीत. आणि औषध नापास झालेलं कळणं, हेच तर आमचं काम."

बाईंनी मान खाली घातली. चाचणीवाली मुलगी त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिचेही डोळे भरले होते. "माझ्या पाठीमागे खुर्ची मीच ठेवली होती," ती म्हणाली. "जागा नव्हती म्हणून."

अभ्यासातून आलोचरावांचे आकडे काढून टाकले. कॅप्सूल बंद झाली. ती खरी होती की रिकामी, हे सगळा अभ्यास संपल्यावर कळणार होतं. बाईंनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की उपचार आणि चाचण्या नेहमीप्रमाणे चालू राहतील, दार कुठलंही लागलेलं नाही. पातळ औषध पुन्हा पुरं झालं. आलोचराव तिसऱ्या दिवशी डोळे उघडून, उशाशी ठेवलेल्या कोटाकडे बघत म्हणाले, "हा कोट मला कुणी...?" बाईंनी तोंड उघडलं, आणि लेकीने त्यांच्या दंडाला घट्ट धरलं. "...घातला?" आलोचराव म्हणाले.

घरी मग नवी तालीम सुरू झाली, ती बाईंची. अर्ध्या वाक्यावर गप्प बसायची. हे किती अवघड आहे ते ज्याने आयुष्यभर शब्द पुरवले त्यालाच कळेल. "अगं, मला जरा ते आपलं..." म्हणून आलोचराव थांबले की बाई ओट्याची कड धरून उभ्या राहत. चष्मा समोर दिसत असे. हात शिवशिवत. कधी चष्मा सापडे, कधी नाव सापडत नसे आणि आलोचराव चिडत, "सांग ना, तुला येतंय!" एकदा तर, "दुष्ट आहेस," असंही म्हणाले. बाईंनी तेही ऐकून घेतलं आणि न्हाणीघरात जाऊन रडून आल्या.

पुढच्या चाचणीला खोलीतली मांडणी बदललेली होती. घरच्या माणसाची खुर्ची आता दाराबाहेर. पण आलोचराव दारातच अडून बसले. "ही आत नसेल तर मी नाही."

चाचणीवाल्या मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनीच तोड काढली. त्यांनी खुर्ची आत घेतली, भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि तीत बसून तोंडावर रुमाल दाबून धरला. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारख्या त्या दिसत होत्या, आणि आलोचरावांना हसू फुटलं.

"काका, एका मिनिटात जमतील तेवढे प्राणी. सुरू."

"गाय," मागून आवाज आला. "कुत्रा. मांजर. घोडा." थोडं थांबून, "माकड. उंदीर."

मग काहीच नाही.

पंखा कुरकुरत होता. बाईंच्या समोर भिंतीवर रंगाचा एक पोपडा निघाला होता. चेहरा दिसत नव्हता, म्हणून त्यांनी कान दिला. श्वास सोडला का? की धरलाय? पंख्याच्या आवाजात काहीच कळेना. आयुष्यभराची विद्या ऐन वेळी कामाला येईना. बकरी जिभेच्या टोकावर येऊन उभी राहिली. एक अक्षर दिलं तरी पुरलं असतं. बाईंनी रुमाल दातांत धरला आणि डोळे मिटले.

"...झुरळ," आलोचराव म्हणाले.

झुरळ पाळीवात नव्हतं, जंगलीत नव्हतं, पाण्यातल्यात नव्हतं. झुरळाला बाई इतक्या घाबरत की तालमीतही त्यांनी त्याचं नाव काढलं नसतं.

"झुरळ चालतं ना गं पोरी?"

"चालतं, काका. पुढे?"

"पाल. सरडा." आणि वेळ संपली.

मुलीने आकडा सांगितला. पूर्वीच्या आकड्याच्या निम्म्यालाही तो पोचत नव्हता. डॉक्टर दारात उभे होते, त्यांनी तो लिहून घेतला. औषध आहे तेच चालू ठेवा, थोडं वाढवू, असं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात या खेपेस टाळ्या नव्हत्या, घाईही नव्हती.

बाहेर बाकावर दोघं बसली. बाईंच्या रुमालाला दातांची भोकं पडली होती.

"उंदरानंतर थांबलात," बाई म्हणाल्या. त्यांना विचारल्यावाचून राहवेना. "पॉज घेतलात, की विसरलात?"

आलोचरावांनी विचार केला. बाई वाट बघत राहिल्या.

"विसरलो," ते म्हणाले. "पार कोरं झालं होतं. मी वाट बघितली तुझ्या शब्दाची. तू काही देईनास. मग म्हटलं, ही बोलत नाही, म्हणजे हिला वाटतंय मला येईल." थोडं थांबून म्हणाले, "म्हणून शोधलं."

बाई रुमालाची घडी घालू लागल्या. आलोचरावांनी एकदम पोटावर हात ठेवला आणि उठले.

"काय झालं?"

"काय होणार? तुझं ते गोड औषध," ते म्हणाले. "आलोच."

ते वऱ्हांड्यातून गेले. स्वच्छतागृहाचं दार लागलं. बाई बाकावरच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि आलोचराव वऱ्हांड्याच्या टोकाशी आले, जिथून डावीकडे बाक आणि उजवीकडे एक्स-रे. तिथे ते थांबले. उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे पाहिलं.

तेवढ्या अंतरावर हाक पोचवणं बाईंना अवघड नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. बाकाची कड धरून बसल्या.

आलोचराव डावीकडे वळले आणि त्यांच्याकडे चालत आले.